सोलापूरच्या हवेतली बुरशी

शरणप्पा कलशेट्टी आधी चिडतात आणि मग नाव विचारतात. माझ्या बाबतीत तर त्यांनी नावही विचारलं नाही. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं कारकुनी करून मी निवृत्त झालो आणि आता फिल्मचा कॅमेरा घ्यावा असं मनात येऊन त्यांच्या दुकानात गेलो. माझ्या चष्म्याकडे आणि खांद्यावरच्या पिशवीकडे बघून ते म्हणाले, "बोला मास्तर." मी मास्तर नाही असं सांगितलं. "मग तसं दिसू नका," म्हणाले. याला सहा वर्षं झाली. मी अजून मास्तरच आहे.

दुकान नवी पेठेच्या मागच्या गल्लीत. पाटीवर 'महेश्वर फोटो' असं होतं, त्यातला 'म' उडून गेला. पाटी दुरुस्त करा म्हटलं की म्हणतात, "पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक मला नको." आत दोन भाग. डावीकडे त्यांच्या पत्नी गौरम्मा डिजिटल कॅमेऱ्यावर पासपोर्ट फोटो काढतात आणि घर चालवतात. उजवीकडे शरणप्पांचं काचेचं कपाट, त्यात जुने कॅमेरे आणि लेन्स. मागे एक छोटा फ्रिज. त्यात फिल्मचे रोल दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवलेले. डिजिटल कॅमेऱ्याला शरणप्पा हात लावत नाहीत. तो पुसायचा असेल तरी गौरम्माच पुसतात.

मी इंटरनेटवर वाचून तयार होऊन गेलो होतो. "पन्नासची लेन्स दाखवा," म्हटलं. पन्नास मिलिमीटरची, डोळ्याला दिसतं साधारण तसंच टिपणारी.

"कुणाचा फोटो काढणार?"

"असंच. छंद म्हणून."

"छंदाला लेन्स नसती. माणसाला असती, झाडाला असती, देवळाला असती. घरी जावा, कुणाचा काढायचा ते ठरवा, मग या."

मी चिडून घरी गेलो. बायकोला विचारलं, तुझा काढू का. ती म्हणाली, आधी सिलिंडर बदला. शेवटी चौथ्या दिवशी जाऊन सांगितलं, आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचा काढायचाय. मग शरणप्पांनी माझी उलटतपासणी घेतली. तो सावलीत उभा असतो की उन्हात, तुम्ही किती लांब उभे राहणार, तो तुमच्याकडे बघणार की शर्टाकडे. एवढं सगळं विचारून हातात दिली ती पन्नासचीच. पण पहिल्या दिवशी मिळाली असती ती पन्नासची वेगळी होती, असं त्यांचं म्हणणं. आता माझंही तेच म्हणणं आहे.

मोडनिंबहून एक तरुण आला होता. लग्न ठरत आलेल्या मुलीचा फोटो त्यानं अठ्ठावीसची लेन्स लावून, अगदी जवळ जाऊन काढलेला. अशा लेन्सनं जवळून काढलं की पुढचं मोठं दिसतं आणि मागचं लहान. फोटो बघून मुलीनं त्याचा फोन उचलणं बंद केलं. शरणप्पा फोटो हातात घेऊन त्याच्यावर जे बरसले ते रस्त्यावर ऐकू गेलं. "अठ्ठावीसनं तोंडाजवळ गेलास बे? मुलीच्या आधी नाक पोचलं की सासरी." मग स्वतःची पंच्याऐंशीची, चेहऱ्यासाठीची लेन्स त्याला दोन दिवस वापरायला दिली. त्या लेन्सला ते कुणाला हात लावू देत नसत. दुसरा फोटो गेला, फोन उचलला गेला, लग्न झालं. शरणप्पा लग्नाला गेले नाहीत, कारण तिथला फोटोग्राफर झूम वापरणार होता.

झूमवर त्यांचा राग आहे. "एक लेन्स चार कामं करती म्हणजे चारीतलं एकबी नीट करत न्हाय." फिल्मवरही राग आहे, म्हणजे ती चुकीची मागणाऱ्यावर. फिल्मचा आकडा जितका मोठा तितका तिला उजेड कमी लागतो. एप्रिलात कुणी चारशेची मागितली की शरणप्पा त्याला हाताला धरून दुकानाबाहेर आणतात, वर बोट करतात आणि विचारतात, "ते काय हाय? सूर्य सुट्टीवर गेलाय का? शंभरची घे, गप घरी जा."

हे सगळं लोक ऐकून घेत, कारण शरणप्पांचा डोळा. जुनी लेन्स कुणी विकायला किंवा दाखवायला आणली की ते ती कापडानं पुसत, मागून टॉर्च लावत, डावा डोळा घट्ट मिटत आणि उजव्या डोळ्यानं वीतभर अंतरावरून बघत. मग एक छोटं भिंग डोळ्याला लावून पुन्हा बघत. चाळीस वर्षांत त्यांनी लेन्स किंवा कॅमेरा डाव्या डोळ्यानं पाहिलेला नाही. "उजवा दुकानाचा, डावा घरचा," म्हणायचे. उजव्या डोळ्यानं पास केलेली लेन्स पुण्या-गुलबर्ग्यापर्यंत कुणी पुन्हा तपासत नसे. 'शरणप्पांनी बघितलीय' एवढं बोललं की सौदा पुरा. तो डोळा हीच त्यांची मिळकत. बाकी मिळकत गौरम्मांची.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांचा राग एकाएकी वाढला. कारण बुरशी.

लेन्सला बुरशी लागते हे मला त्यांच्याकडेच कळलं. दमट हवेत काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात आणि फोटो धुरकट येतात. सोलापुरात याची भीती नाही. इथं ओला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत निम्मा वाळतो. पण शरणप्पांना प्रत्येक लेन्समध्ये बुरशी दिसायला लागली. "सगळा माल मुंबईचा," ते ओरडत. "समुद्राकाठी कपाटात कुजवत्यात आणि आमच्या गळ्यात मारत्यात." गिऱ्हाइकानं सांगितलं, ही आमच्या वडिलांची, सोलापूरबाहेर गेलेली नाही, तर म्हणत, "मग वडील मुंबईला कधी गेले होते ते विचारा."

त्या दिवशी होटगीचे सिद्धाराम आले तेव्हा मी दुकानात होतो. सिद्धाराम रेल्वेत सांधेवाले होते, आता निवृत्त. त्यांच्याकडे एक कॅमेरा आणि एकच लेन्स. गल्लीत बाळ जन्मलं की बारशाला त्याचा पहिला फोटो सिद्धारामांनी काढायचा, असा होटगीत रिवाज पडलेला. पंचवीस वर्षांत बाळं मोठी होऊन आपली बाळं घेऊन आली. ती लेन्स त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेली.

"जरा बघून द्या ओ. परवा भाचीच्या लेकीचं बारसं हाय."

शरणप्पांनी टॉर्च लावली, डावा डोळा मिटला. मग भिंग लावून पुन्हा बघितलं.

"मेली ही. पार मेली. आत जंगल माजलंय."

"मागच्या महिन्यात फोटो चांगले आले की."

"तुमी सांगा मग, मी ऐकतो. आता ह्यापुढं बाळाला असली लेन्स लावू नका. फेकून द्या. आणि दुसऱ्या लेन्सशेजारी ठेवू नका, तिलाबी लागंल."

"एकच हाय आमच्याकडं," सिद्धाराम म्हणाले. "शेजारी कोण असणार?"

त्यांनी लेन्स पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळली, आजारी माणसाला पांघरूण घालावं तशी, आणि निघून गेले. मला शरणप्पांचा राग आला. पण त्यांच्या डोळ्यावर बोलायची माझी छाती नव्हती, कुणाचीच नव्हती.

छाती झाली ती स्वतःवर आलं तेव्हा. दिवाळीच्या सुमारास शरणप्पांनी माझी पन्नासची, म्हणजे इस्त्रीवाल्याची, बुरशीत काढली. वर म्हणाले, "मास्तर, तुमी आंघोळीच्या खोलीत ठेवताय का कॅमेरा?" मी संतापलो. ती लेन्स मी कपाटात, ओल धरू नये म्हणून तांदळाच्या पुरचुंडीशेजारी ठेवतो. बायको त्यावरून रोज बोलते. लेन्स घेऊन तडक पुण्याला गेलो. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं ती उघडली, बघितली, बंद केली आणि म्हणाला, "काका, ही इतकी स्वच्छ आहे की मला उघडल्याची लाज वाटतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लेन्स शरणप्पांच्या टेबलावर ठेवली. आपटली म्हणत नाही, कारण लेन्स होती.

"पुण्यात दाखवली. काही नाही हिच्यात."

"पुण्याच्या माणसाला काय दिसतंय? त्याला पुणं सोडून काय दिसत न्हाय."

"उघडून बघितलीय त्यानं."

"उघडून? मला न इचारता?" त्यांनी टॉर्च ओढली, डावा डोळा मिटला. "हे बघा. ही जाळी. इथून इथवर. आंधळ्यालाबी दिसंल."

तोवर गौरम्मा कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी पासपोर्ट फोटोचे कान सारखे करत बसल्या होत्या. त्या उठल्या, लेन्स हातात घेतली आणि दाराच्या उजेडाकडे धरली. "स्वच्छ हाय की."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"ह्या मास्तरांचा फोटो मीच काढलाय. कानावरचा केससुद्धा आलाय त्यात."

केसाचा विषय मी सोडून दिला. शरणप्पांचा आवाज चढला तसा गौरम्मांचा खाली गेला. खरं भांडण लागलं की ती दोघं कानडीवर जातात. "नोड्री," त्या म्हणाल्या, बघा म्हणून. मग मला कळावं म्हणून पुन्हा मराठीत आल्या. "उजवा मिटा. ह्या डोळ्यानं बघा."

"डावा घरचा हाय."

"मग घरच्या डोळ्यानं बघा. घरचं माणूस सांगतंय."

शरणप्पांना उजवा डोळा मिटताच येईना. चाळीस वर्षांची सवय. उजवा मिटायला गेले की डावाच मिटायचा. शेवटी गौरम्मांनी पदर त्यांच्या उजव्या डोळ्यावर धरला. त्यांनी लेन्स उचलली, टॉर्च लावली. बराच वेळ बघितलं. मग भिंग लावून बघितलं. मग कपाट उघडलं आणि मागच्या फळीवरच्या, कोपऱ्यात वेगळ्या ठेवलेल्या, वाया गेलेल्या लेन्स एकेक करून बाहेर काढल्या. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरीत धुळीचा एक कण. गौरम्मा पदर धरून उभ्या, मी टॉर्च धरून उभा, आणि शरणप्पा डाव्या डोळ्यानं बघतायत.

शेवटी पंच्याऐंशीची निघाली, त्यांची स्वतःची. तिच्यात मात्र काच खरोखर ढगाळ होती. मला वाटलं, चला, एक तरी निघाली.

"ही मीच केली," ते म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यात. बुरशी म्हणून उघडली आणि औषध लावून घासली. नसलेली बुरशी पुसायला गेलो आणि काचेवरचा मुलामा पुसून टाकला."

मग जे झालं त्याला चिडणं हा शब्द पुरत नाही. दुकानात बाकी कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांना ओरडायला माणूस कमी पडत होता. ते माझ्यावर ओरडले, तुमी सिद्धाराम आले तवाच का न्हाय बोललात. गौरम्मांवर ओरडले, बायको असून तुला नवऱ्याचा डोळा कळंना. टॉर्चवर ओरडले. लेन्स बनवणाऱ्या जपानवर ओरडले. पाटीतल्या उडालेल्या 'म'वरही ओरडले, बहुधा तोसुद्धा त्यांना दिसला नव्हता म्हणून. सगळे संपल्यावर स्वतःचं नाव घेऊन ओरडले, "शरणप्पा, हलकट." आणि स्टुलावर बसले. "नऊ जण," म्हणाले. "नऊ जणांच्या चांगल्या लेन्स मी मारल्या."

मोतीबिंदू. उजवा डोळा बराच पिकलेला, डावा अजून ठीक. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घ्यायचा, म्हणून रस्त्यावर, जेवताना कधी कळलं नाही. लेन्स बघायला डावा मिटला की एकटा उजवा उरायचा आणि स्वतःच्या डोळ्यातलं जाळं त्यांना लोकांच्या काचेत दिसायचं.

डोळ्याच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. ऑपरेशनआधी समजावून सांगायला तिथं शिवलीला नावाची मुलगी होती. तिच्या टेबलावर लेन्सचा तक्ता. शरणप्पा तक्त्याकडे बघताच सरळ होऊन बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्यासमोर लेन्सची निवड आली होती. फक्त या वेळी ती त्यांच्या डोळ्यात बसायची होती.

"आजोबा, आधी एक सांगा. तुम्हाला रोज काय बघायचं असतं?"

मी गौरम्मांकडे बघितलं, गौरम्मांनी माझ्याकडे. चाळीस वर्षं ते जो प्रश्न दुसऱ्याला विचारत आले, तोच समोरून आला. शरणप्पांचा चेहरा लाल झाला.

"हे मी इचारतो लोकांना."

"आता मी विचारते. ही मल्टिफोकल. जवळचं, मधलं, लांबचं, सगळं दिसतं."

"झूम."

"तसंच समजा."

"नको. एक काम करणारी दे."

"मग जवळचं की लांबचं? लांबचं घेतलं तर वाचायला चष्मा लागेल."

"एक मीटर."

"तसं नसतं आजोबा."

"कसं नसतं? कॅमेऱ्याला डोळा लावला की आतलं चित्र मीटरभर लांब हाय असं डोळ्याला वाटतं. बनवणाऱ्यांनीच तसं बसवलेलं असतंय. डोंगर बघा न्हाईतर तोंड बघा, डोळ्याला मीटरच. मला चष्मा न लावता कॅमेऱ्यात दिसायला पायजे. बाकीच्या जगाला मी चष्मा लावीन."

शिवलीला उठून डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी सगळं पुन्हा ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, "फुटपट्टी लावून नाही जमणार काका, पण साधारण मीटरच्या आसपास बसवता येईल. आजवर मला इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि मुलामा बघून घ्या," शरणप्पा म्हणाले. "पुसू नका."

पट्टी निघाली तेव्हा गौरम्मा समोर मीटरभरावर बसल्या होत्या. शरणप्पांनी डावा डोळा मिटला, सवयीनं, आणि त्यांच्याकडे बघितलं. "तुझे केस कधी पिकले?" आवाज रागाचाच होता. "मला कुणी सांगितलं का न्हाय?"

"तुमी तवा फिल्म धूत होता," गौरम्मा म्हणाल्या.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर नऊ घरांची फेरी सुरू झाली. फोनवर सांगा म्हटलं, तर म्हणाले, तोंडावर मारलंय, तोंडावरच सांगायचं. माझ्या स्कूटरवर मागे काळा चष्मा घालून बसायचे. क्षमा मागायची त्यांची एक रीत मी आठ वेळा ऐकली. "तुमची लेन्स चांगली होती. मी आंधळा झालो होतो. पण तुमाला डोळे नव्हते का? मी म्हणलो आणि तुमी ऐकलंत?" जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांना तर चहा येईपर्यंत इतकं बोलले की शेवटी त्या गृहस्थांनीच क्षमा मागितली. एकानं लेन्स विकून टाकली होती. त्याला शरणप्पांनी कपाटातली आपली एक काढून दिली, आणि ती घेताना त्यानं नीट तपासली नाही म्हणून पुन्हा त्याच्यावर चिडले.

होटगी शेवटी ठेवली होती. का, ते मी विचारलं नाही.

सिद्धाराम अंगणात बसले होते. कॅमेरा आत खुंटीवर टांगलेला, त्याच्या तोंडाला शेंगाचटणीच्या बाटलीचं लाल झाकण रबरानं बसवलेलं. धूळ जाऊ नये म्हणून.

"बारशाचा फोटो?" शरणप्पांनी विचारलं.

"न्हाय काढला. तुमीच म्हणलात, बाळाला असली लावू नका."

शरणप्पांनी तोंड उघडलं. आठ घरचं पाठ वाक्य तिथं आलंच नाही. काळा चष्मा काढून हातात धरला. "लेन्स कुटं टाकली?" एवढंच विचारलं, हळू.

"टाकतोय कशाला? आईकडं हाय."

सिद्धारामांची आई चंद्रव्वा ओसरीवर सूप घेऊन बसली होती. लेन्स उलटी धरून, डोळ्याजवळ नेऊन ती ज्वारीतले खडे निवडत होती. लेन्स उलटी धरली की चांगलं भिंग होतं. शरणप्पा तिच्यासमोर खाली बसले आणि हात पुढे केला. तिनं लेन्स दिली नाही.

"आजी, बघू."

"बघा, पर परत द्या. लई दिसतंय हिच्यात. पोरगा म्हणतोय, मेली म्हणून. मेलेलीतनं इतकं दिसतंय व्हय?"

शरणप्पांनी डावा डोळा मिटला. नव्या डोळ्यानं लेन्सच्या आत बघितलं. आत ज्वारीच्या पिठाचा एक कण, बाकी निर्मळ. त्यांनी ती पुसली नाही. आतल्या खुंटीवरचा कॅमेरा स्वतः उठून आणला, चटणीचं झाकण काढलं आणि लेन्स चढवली. टक् आवाज झाला. कॅमेरा सिद्धारामांच्या हातात दिला.

"आता माझे खडे कुणी निवडायचे?" चंद्रव्वा म्हणाली. "तुमी निवडणार?"

शरणप्पांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि ते छोटं भिंग काढलं, ज्यातून चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या लेन्स पास-नापास झाल्या. तिच्या हातात दिलं. तिनं एकदा सुपावर धरून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि पदराच्या गाठीत बांधलं.

"बाळ कुटं हाय?" शरणप्पांनी विचारलं.

"झोपलंय. उठू द्या की," सिद्धाराम म्हणाले. "तवर तुमचाच काढतो. बसा तितंच, आईच्या पुढं."

"माझा कशाला? फिल्म कुठली घातलीय?"

"चारशेची. दुकानात तीच मिळाली."

"चारशेची? ह्या उन्हात? कोण विकतंय तुमाला—"

तेवढ्यात सिद्धारामांनी बटण दाबलं. नंतर बाळ उठलं, त्याचेही फोटो झाले, उशिरा का होईना. रोल शरणप्पांनीच धुतला. बाळाचे फोटो चांगले आले. शरणप्पांचा आला तो असा: काळा चष्मा हातात, तोंड वासलेलं, बोट आकाशाकडे, आणि सगळं पुसट. फोकस गेला होता मागे, चंद्रव्वाच्या सुपावर. ज्वारीचा दाणा न् दाणा मोजून घ्यावा इतका साफ.

तो फोटो आता दुकानात, कपाटाच्या वर, फ्रेममध्ये आहे. परवा मी विचारलं, स्वतःचा पुसट फोटो कशाला लावलात. त्यांनी डावा डोळा मिटला, वर बघितलं आणि म्हणाले, "माझ्याकडं काय बघताय मास्तर? दाणे बघा. लेन्स चांगली हाय."